दिवा लागतोय की!

फिटिंग चुकीचं असलं तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, टीव्ही दिसतो. घरातल्या विजेच्या कामाची सगळी गोम इथंच आहे. गवंड्यानं भिंत ओळंब्यात घेतली नाही तर ती डोळ्याला दिसते, प्लंबरचा जोड फसला तर चार दिवसांत ओल येते. वायरमनची चूक मात्र रंगकामाखाली गपगुमान बसून राहते, पाच वर्षं, पंधरा वर्षं. कुणाच्या घरी बोर्ड उघडून "हे बदलाय पाहिजे" म्हटलं की कोल्हापूरच्या पेठेत उत्तर ठरलेलं : "काय हुतंय त्याला? दिवा लागतोय की!"

कळंब्याच्या आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून मी या धंद्यात आलो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर, शुक्रवार पेठ ही कामाची हद्द. जुने वाडे, वाटण्या होऊन त्यांची झालेली दोन-दोन खोल्यांची घरं, वर चढवलेले मजले, मागं गोठा. असल्या घरात एका छताखाली तीन पिढ्यांचं फिटिंग सापडतं. सोप्यात लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली आजोबांच्या काळातली वायर, मधल्या खोलीत प्लॅस्टिकची केसिंग-कॅपिंग आणि वरच्या स्लॅबच्या खोलीत भिंतीत गाडलेलं कन्सील्ड. पहिलं फिटिंग झालं तेव्हा घरात चार बल्ब, एक पंखा आणि रेडिओ होता. आज त्याच मेन स्विचवर फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी आणि थोरल्या पोराचा एसी चालतो.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वायरच्या इंचभर तुकड्याची. थ्री-पिनचा सॉकेट उघडला की मागं तीन स्क्रू दिसतात : फेज, न्यूट्रल आणि वरच्या मोठ्या भोकाचा अर्थ. अर्थच्या स्क्रूला हिरवी वायर यायला पाहिजे आणि ती बोर्डाबोर्डातून जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत गेलेली पाहिजे. कित्येक घरांत ती हिरवी वायर ओढलेलीच नसते. मग फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात, घरातलं माणूस तक्रार करतं आणि कुणीतरी शहाणा येऊन अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूला एक लूप मारून जातो. झिणझिण्या बंद. टेस्टर लावला तर फ्रीजच्या अंगावर पेटत नाही. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरला तर तोही झक्क पेटतो. घरमालक खूश, शहाणा शंभर रुपये घेऊन बाहेर.

झालंय काय, तर फ्रीजचं लोखंडी अंग आता न्यूट्रलला बांधलं गेलंय. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही होत नाही. पण जून-जुलैच्या वाऱ्यापावसात पोलवरचा नाहीतर मीटरजवळचा न्यूट्रलचा जोड निसटला, तर फेजमधून आलेला करंट ट्यूब, पंखा यांतून जाऊन न्यूट्रलवर येतो आणि पुढं वाट नसल्यानं तिथंच तुंबतो. घरातली लाईट गेलेली असते, म्हणून सगळ्यांना वाटतं की आता धोका नाही. त्याच वेळी फ्रीजच्या दारावर २३० व्होल्ट उभे असतात. फरशी ओली, पाय अनवाणी, आणि आक्का अंधारात दूध काढायला फ्रीजचं दार उघडतात. दुसरी तऱ्हा याहून सोपी. कुठंतरी काम करताना फेज आणि न्यूट्रल अदलाबदल होऊन जोडले गेले तर फ्रीज त्याच क्षणी जिवंत होतो, लाईटही जात नाही, इशाराही मिळत नाही.

दोन पिनांच्या सॉकेटमध्ये पिन उलटी घातली की झिणझिण्या थांबतात, ही युक्ती आपल्याकडं घराघरात ठाऊक आहे. तिनं इतकंच कळतं की त्या सॉकेटला अर्थिंग नाही. थ्री-पिनची वरची जाड पिन मोडून ती दोन भोकांत बसवणारे आणि पिनच न लावता वायरीची टोकं सोलून काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये ठोकून बसवणारे, यांच्याबद्दल काय बोलायचं? एका कापडाच्या दुकानात इस्त्री अशी काड्यांवर चाललेली पाहिली आहे. इस्त्रीवाला म्हणाला, "पिन सारखी ढिली हुती, काड्या घट्ट बसत्यात."

अर्थिंगची आठवण केली की पेठेतला माणूस खरीच अडचण सांगतो. घराला घर चिकटलेलं, परसू नाही, अंगणात फरशी. कोळसा-मीठ घालून खड्डा घ्यायचा तर कुठं? जुन्या लोकांनी यावर तोड काढली होती : नळाच्या लोखंडी पाईपला वायर गुंडाळायची. तेव्हा ती पाईप खरोखर जमिनीत दूरवर जायची, म्हणून कसंबसं भागायचं. आता मधला तुकडा बदलून प्लॅस्टिकचा टाकलेला असतो. म्हणजे वायर गुंडाळलेली आहे, पाईपही दिसते, पण जमिनीशी संबंध संपलेला. उलट गळका करंट नळात उतरतो आणि शेजारच्या मोरीत नळ सोडणाऱ्याला बसतो. जागा नसली तर दाराजवळच्या कोपऱ्यात फरशीचा एक तुकडा काढून उभा रॉड ठोकता येतो, तयार केमिकल अर्थिंगही मिळतं. हात-दीड हात जागा पुरते.

आता एमसीबीबद्दलचा गैरसमज. "आमच्यात एमसीबी हाय, शॉक बसला तर आपसूक पडती," असं मला चांगली शिकलेली माणसंही सांगतात. थोडा हिशेब करू. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर करंट घेतो. माणसाच्या हाताला झिणझिण्या १ मिलिअँपिअरच्या आसपास कळायला लागतात. १० ते १५ झाले की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तालमीतल्या पैलवानाचंही इथं काही चालत नाही, त्याची पकड उलट जास्त घट्ट बसते. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले की हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं. म्हणजे एक बल्ब पेटायला जेवढा करंट लागतो, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात माणूस जातो.

आणि १६ अँपिअरची एमसीबी पडायला १६ अँपिअरच्या वर जावं लागतं, झटक्यात पडायची तर त्याच्या कैक पट. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहम धरला तर माणसातून जाणार पाव अँपिअरच्या आत. एमसीबीच्या हिशेबी घरात आणखी एक बल्ब लागला. ती पडत नाही आणि तिची चूकही नाही. ती वायर वाचवायला बसवलेली असते.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. दुकानात अजून बरेच जण तिला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, एवढंच ती मोजत बसते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्याच कुठल्या वाटेनं, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चाललाय, असं समजून सेकंदाच्या अंशात लाईन तोडते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा लिहिलेली होती. पेठेतल्या अर्धवट अर्थिंगच्या घरांत तर ती दुप्पट उपयोगाची. समजा अर्थिंग वाईट आहे, १०० ओहमचं. गीझरची कॉईल फुटून फेज टाकीला लागला तर जमिनीत जातील २.३ अँपिअर. एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि टाकी जिवंत राहील. आरसीसीबी मात्र लगेच पडेल. एका माणसानं कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तिलाही काही कळत नाही, हे सांगून ठेवतो. पण घरातले बहुतेक शॉक तसे बसत नाहीत.

गंमत अशी, की ज्यांच्याकडं आरसीसीबी बसवलेली होती त्यांच्यातल्या काहींनी ती काढून टाकलेली सापडते. "सारखी पडायची, वैताग आला," म्हणून वायरमनला सांगून बायपास केलेली. ती सारखी का पडायची, हे शोधलं तर निम्म्या वेळी तो वर सांगितलेला इंचभराचा लूप निघतो. न्यूट्रल आणि अर्थ पुढं कुठं एकत्र आले तर करंट दोन वाटांनी परततो आणि तिचा हिशेब जुळत नाही. ती बरोबर ओरडत होती, आपण तिचंच तोंड बांधलं.

कोल्हापुरात पाण्याच्या वेळेला गल्लीतून चालत जा. दाराशी, उंबऱ्यावर, गटारीच्या कडेला छोट्या मोटारी घुरघुरत असतात. नळाला मोटर लावणं बेकायदेशीर आहे हा मुद्दा वेगळा, मी वायरचं बोलतो. मोटर चावीजवळ, सॉकेट आतल्या खोलीत, मधली वायर उंबऱ्यावरून. तिच्यावरून सायकल गेलेली, दार आपटलेलं, मध्ये दोन ठिकाणी पीळ मारून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती पट्टी पाण्यात काही दिवसांत सुटते. मोटरचं अंग लोखंडी, भोवती पाणी, आणि हंडा धरलेली वहिनी अनवाणी. अशा मोटरला अर्थची तिसरी तार जोडलेली मी क्वचितच पाहतो, कारण तीन तारांच्या वायरपेक्षा दोन तारांची वायर स्वस्त मिळते.

गोठ्यांचं वेगळं सांगायला पाहिजे. गंगावेशीत रात्री म्हशी आणून समोर धार काढून देतात ते दूध या गावाचं भूषण, आणि त्यातल्या कैक म्हशी पेठेतल्या पत्र्याच्या गोठ्यात बांधलेल्या असतात. पत्र्याची धार वायरला घासून आत शिरली की अख्खं छप्पर, लोखंडी खांब, दावणीची साखळी, पाण्याचं पिंप, सगळ्यात करंट येतो. माणूस चप्पल घालून आत-बाहेर करतो, त्याला काही जाणवत नाही. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय हात-दीड हातावर नव्हे, चांगले लांब, ओल्या शेणमुताच्या जमिनीवर. त्या अंतरात जमिनीवरच व्होल्टचा फरक पडतो आणि करंट तिच्या छातीतून वाहतो. माणसाला नुसत्या झिणझिण्या येतील एवढ्यात जनावर आडवं होतं. त्याआधी म्हैस सांगत असते, आपण ऐकत नाही. लोखंडी पिंपाला तोंड लावत नाही, दावणीत पाय उचलत राहते, धारेला उभी राहत नाही. एका गवळी मामांनी जनावरांचा डॉक्टर आणला, दृष्ट काढली, मग सहज मला म्हणाले, "एवढी ट्यूब तेवढी बघून जा." ट्यूबचा होल्डर पत्र्याच्या पाईपला तारेनं बांधला होता आणि त्याच पाईपला कपडे वाळत घालायची तार होती. ओले कपडे त्या तारेवर घरातली सून रोज टाकत होती. धातूची तार ही कपड्यांसाठी वापरायची वस्तूच नव्हे. नायलॉनची दोरी घ्या.

आता आगीचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. गावाच्या तोंडी त्या रात्री एकच होतं, शॉर्टसर्किट. त्या आगीबद्दल मी बोलणार नाही, मी घरांपुरतं बोलतो. घरात फेज आणि न्यूट्रल थेट भिडले तर शेकडो अँपिअर उसळतात, फट्‌दिशी आवाज येतो आणि एमसीबी पडते. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. घर जाळतो तो ढिला जोड.

दोन किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. सॉकेटमागचा स्क्रू नीट आवळला नाही आणि तिथं अर्धा ओहम विरोध तयार झाला, तर त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कथील वितळवणारी कावी २५ वॅटची असते. तशी दीड कावी बंद प्लॅस्टिकच्या डब्यात रोज सकाळी तासभर पेटलेली ठेवायची, असा हा मामला. करंट ९ चा ९ च राहतो, त्यामुळं एमसीबीला पत्ता नाही आणि जमिनीत काही जात नाही म्हणून आरसीसीबीलाही नाही. पत्ता लागतो तो नाकाला. गीझरच्या सॉकेटजवळ मासळीसारखा उग्र वास, पांढऱ्या प्लेटवर तपकिरी डाग, पिन काढताना चटका, बटण दाबल्यावर चरचर : यातलं एक जरी असलं तरी तो सॉकेट आजपासून बंद. ॲल्युमिनियमची जुनी तार आणि तांब्याची नवी तार नुसता पीळ मारून जोडली असेल तर तो जोड ढिला होणारच. दोन्ही धातू गरम-गार होताना वेगवेगळे फुगतात आणि मध्ये गंज धरतो.

वायरची जाडी हाही इथलाच विषय. दिव्या-पंख्याला एक किंवा दीड एमएम, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला अडीच, एसीला आणि मोठ्या गीझरला चार. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. म्हणून दिव्याच्या बोर्डातून एसीला लाईन काढली की वायर भिंतीत शिजत राहते. एमसीबी पडायला लागली की लोक वायर बदलत नाहीत, १६ च्या जागी ३२ ची एमसीबी टाकतात. जुन्या घरांत किटकॅटमध्ये बारीक फ्यूज तारेऐवजी वायरचे दोन-तीन पदर पिळून घालायचे, त्याचाच हा नवा अवतार.

बटण न्यूट्रलवर घेतलेलं असणं ही त्या मानानं किरकोळ वाटणारी चूक. बटण बंद करून बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला होल्डरमध्ये फेज भेटतो, शॉकनं नाही तर स्टुलावरून पडून हाड मोडतं. रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मिणमिणत असेल तर बऱ्याचदा कारण हेच असतं. तपासून घ्या.

राहिला पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, सुतारवाडा, उत्तरेश्वर, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, इथल्या घरांत बोर्ड बुडाले. पाणी उतरल्यावर माणूस चिखल काढतो, फरशी धुतो आणि मेन वर करून बघतो. भिंत वरून वाळलेली दिसते. भिंतीतल्या पाईपमध्ये मात्र पाणी आणि गाळ तसाच असतो, बटणांच्या आत मळीचा थर बसलेला असतो. तो ओला थर फेजपासून भिंतीपर्यंत करंट वाहून नेतो.

पाणी गल्लीत शिरतंय असं दिसलं की मेन बंद करावा, इन्व्हर्टरही बंद करून बॅटरीची वायर काढावी. लाईट गेली तरी इन्व्हर्टर अर्ध्या घरात करंट सोडत असतो हे लोक विसरतात. मेनपर्यंत पाणी आलं असेल तर हात न लावता महावितरणच्या १९१२ वर सांगून पोलवरूनच लाईन तोडून घ्यावी. पुरानंतर बुडालेले बोर्ड सगळे उघडायचे. बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, बटणं, सॉकेट हेअर ड्रायरनं वाळवून परत लावायची नाहीत, फेकायची. पाईपमधल्या वायरी ओढून बघायच्या. आणि मेन वर करण्याआधी मेगर लावायचा. हे ५०० व्होल्टनं वायरींची सालं तपासणारं यंत्र. फेज-न्यूट्रल एकीकडं आणि अर्थ दुसरीकडं धरून निदान १ मेगाओहम दाखवलं पाहिजे. त्याच्या खाली असेल तर घरमालकानं कितीही घाई करू दे, लाईन सोडायची नाही. २०२१ नंतर ज्यांनी नवं फिटिंग केलं त्यांना मी पुराच्या रेघेच्या वर बोर्ड घ्यायला लावले. "दिसायला बरं दिसत न्हाई," म्हणणारे होते. सॉकेट कमरेला असावा असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

वायरमन बोलावताना त्याच्याकडं परवाना आहे का हे विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला राग येत नाही. त्याहून सोपी ओळख म्हणजे त्याच्या पिशवीत टेस्टर सोडून दुसरं काय आहे ते बघा. टेस्टरला फेज तेवढा कळतो. अर्थिंग किती ओहमचं, वायरीचं साल किती मेगाओहमचं, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडते, हे आकडे त्यानं कागदावर लिहून द्यायला पाहिजेत. फॉल्स सीलिंगला लाखभर घालणारं घर दोन-अडीच हजारांच्या आरसीसीबीवर घासाघीस करतं, हा माझा नेहमीचा अनुभव. बाकी मजुरी देताना काय करायची ती करा.

आरसीसीबी असेलच तर तिच्यावर टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा लाईट चालू असताना ते दाबायचं. खटका पडला तर ती शाबूत आहे, परत वर करायची. नाही पडला तर त्याच दिवशी बदलायची. मी हे सांगितल्यापासून मंगळवार पेठेतल्या एक आजी दर महिन्याला न चुकता दाबतात, आणि दर महिन्याला मालिका बंद पडली म्हणून सुनेचं बोलणं खातात.